बेल वाजवली की मागे सरकायचं

प्रिय ताई,

तुला प्रेमाचा नमस्कार. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिने चढू देतो.

काल नवे मॅनेजर म्हणाले, "मॅडम, दारोदार मिक्सर विकत फिरणं पुरे. राजीनामा द्या, आराम करा."

मला आमच्या पहिल्या मॅनेजरबाई आठवल्या. पहिल्याच दिवशी मी रडत परतले, तेव्हा त्यांनी शिकवलं होतं, "बेल वाजवली की मागे सरक, म्हणजे घरची बाई घाबरत नाही. पण मिक्सर दाखवल्याशिवाय जिना उतरायचा नाही." त्या माउलीमुळेच मी उभी राहिले गं.

मी मागे सरकले आणि म्हटलं, "साहेब, समोरच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून तुमची पोरं तिकडे फिरकत नाहीत. नवा मिक्सर द्या, मी जाते."

दिला!

तेव्हा मी नोकरी सोडून तुझ्याकडे राहायला येईन म्हणून माझी खोली इतक्यात झाडून ठेवू नकोस. भाओजींचा खोकला थांबला का?

तुझीच,
हट्टी धाकटी