आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे

४ जून
आजपासून रोजनिशी. मोठ्या उद्योगाच्या सुरुवातीची नोंद कुठेतरी असलेली बरी.
मेहुण्याची लिफ्टदुरुस्तीची फर्म आहे. कुठे लिफ्ट अडली की लोक त्याला फोन करतात, मग तो मेकॅनिकला फोन करतो. जेवताना फोन, आंघोळीत फोन. मी म्हटलं, याचं अ‍ॅप करून देतो. कोडबिड लिहावा लागत नाही, बटणं उचलायची आणि स्क्रीनवर ठेवायची. विमा ऑफिसात हयात काढलेल्या माणसानं बटणांना काय घाबरायचं?
मेहुणा म्हणाला, "बघू, भाऊजी." हिनं भावाकडे शब्द टाकला होता. मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून दिवसभर घरी असतो, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.
संकल्प: रविवारपर्यंत अ‍ॅप तयार.

८ जून, रविवार
अ‍ॅप तयार नाही. रंग मात्र ठरला. निळा. निळ्यानं गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला. कुठला निळा यात चार दिवस गेले, पण पाया पक्का झाला.

११ जून
तक्रारीचा फॉर्म झाला. नाव, इमारत, मजला, बिघाडाचा प्रकार, फोटो. फोटो सक्तीचा.
ही म्हणाली, "आत अडकलेल्या माणसानं हे भरायचं कसं? लिफ्टमध्ये रेंज नसते." मी शांतपणे सांगितलं की तो बाहेर आल्यावर भरू शकतो. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. पटलं असावं.

१६ जून
ऑटोमेशन! तक्रार आली की मेकॅनिकला आपोआप मेसेज. दिवसभर चाचण्या. मीच तक्रार टाकायची, माझ्याच मोबाइलवर मेसेज यायचा. मोबाइल टेबलावर नाचत होता. ही म्हणाली, "चला, कुणीतरी तुम्हाला मेसेज करतंय."
अ‍ॅपवाल्या कंपनीचा लांबलचक मेल आला. फ्री प्लॅनमधले मेसेज संपत आलेत वगैरे. जाहिरात. डिलीट.

१९ जून
मेहुणा अजून फोनवरच तक्रारी घेतो आणि मग अ‍ॅपमध्ये भरतो. सवयी जुन्या आहेत. थोरला मेकॅनिक काम झाल्यावर 'पूर्ण' हे बटण दाबत नाही, म्हणे हाताला ग्रीस असतं. त्यामुळे डॅशबोर्ड सगळा लाल.
उपाय सापडला. अर्ध्या तासानं तक्रार आपोआप हिरवी होईल आणि तक्रारदाराच्या स्क्रीनवर उमटेल, "आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. धन्यवाद." मेहुण्यानं हिरवागार डॅशबोर्ड पाहिला आणि पहिल्यांदा हसला. हिरवं कसं झालं ते त्यानं विचारलं नाही.

२४ जून
मेहुणा उद्या बायकोला घेऊन चार दिवस बाहेरगावी चाललाय. कित्येक वर्षांत गेला नव्हता. तक्रारींचा फोन कुणाकडे देऊ, म्हणाला. मी म्हटलं, कुणाकडेच नको. फोन केला की माझ्या आवाजात सूचना ऐकू येईल, कृपया अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. लिफ्टमधले नंबरांचे स्टिकर काढून क्यूआर कोडचे लावून घेतले.
निघताना तो दारातून परत आला. "भाऊजी, आई एकटीच आहे. तिला दम लागतो. लक्ष असू द्या." सासूबाई त्याच्याकडेच असतात, पाचव्या मजल्यावर. मी म्हटलं, निर्धास्त जा.
हिनं आज दोनदा दूध उतू घालवलं.

२५ जून
एकही तक्रार नाही. डॅशबोर्डसमोरून हललो नाही. ही ऑफिसातून सारखी फोन करून विचारते, सगळं ठीक ना? अविश्वास घरातूनच सुरू होतो.

२६ जून, सकाळी ११
पहिली खरी तक्रार! सासूबाईंचीच इमारत, सोसायटीच्या सेक्रेटरीनं टाकली. 'लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली.' फोटो बंद दाराचा. मेकॅनिकला मेसेज गेला असणार. मी काहीच करायचं नाही, यातच सगळी मजा आहे. चहा ठेवतो.

११.३०
हिरवी! मेहुण्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचा लगेच उलट मेसेज, "आत कोण आहे?"
हे फॉर्ममध्ये विचारलेलंच नाही. पुढच्या आवृत्तीत घालू.

थोड्या वेळानं
हिचा फोन. सासूबाईंच्या शेजारीणबाईंनी तिला कळवलं. आत आई आहेत. मेकॅनिक आलेलाच नाही. निघालो.

२६ जून, संध्याकाळ
जे झालं ते लिहितो.
जिना माणसांनी भरलेला. सेक्रेटरीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. हिरवी अक्षरं. "कसलं निवारण झालंय, साहेब?" मेकॅनिकचे नंबर माझ्याकडे अ‍ॅपमध्येच होते. अ‍ॅप म्हणालं, पुन्हा लॉगिन करा. ओटीपी येईना. जिन्यात रेंज नव्हती. कुणीतरी खाली पळत जाऊन अग्निशमन दलाला फोन केला.
मी दाराच्या फटीला तोंड लावून म्हटलं, "आई, मी आलोय."
आतून आवाज आला, "जावईबापू, तुम्ही? मग मेकॅनिक कधी येणार?"
मग खोकला. त्यांचा दम्याचा पंप वर घरात, घराची किल्ली त्यांच्या पर्समध्ये, पर्स त्यांच्याजवळ. मी फटीत बोटं घालून ओढलं. दार हललं नाही, नखं तुटली. मी म्हणालो, बोलत राहा. त्या म्हणाल्या, "बोललं की दम लागतो." म्हणून मीच बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. आधी त्या हुंकार देत होत्या. मग तेही थांबलं.
तेवढ्यात ही आली. ऑफिसच्या कपड्यांतच जिन्यावर आडवी झाली आणि फटीतून "आई, आई" करत राहिली. इतक्या वर्षांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता.
दलाच्या लोकांनी दार उघडलं. सासूबाई खाली बसल्या होत्या, ओठ काळेनिळे. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ही चढली. मला जागा नव्हती.

२७ जून
ऑक्सिजन लावलाय. धोका टळला. मेहुणा परत आला. थेट आईजवळ जाऊन बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
ही कपडे न्यायला घरी आली. गॅसवर कालचा चहा तसाच होता. तिनं विचारलं, "लिफ्ट अडकली हे कळल्यावर तुम्ही चहा ठेवलात?" मी म्हटलं, फ्री प्लॅनमधले मेसेज संपले होते, ती खरं तर कंपनीची चूक आहे. तिनं भांडं घासून ठेवलं आणि गेली.

३० जून
मेहुणा स्वतः इमारती फिरून नंबरांचे स्टिकर परत लावतोय. अ‍ॅप काढून टाका असं तो म्हणाला नाही. मीच काढलं. 'नक्की डिलीट करायचं?' 'हो.' त्यालाही कोड लिहावा लागला नाही.

५ जुलै
सासूबाईंना घरी सोडलं. लिफ्टमध्ये पाऊल टाकायला त्या तयार नाहीत. एका बाजूनं मेहुणा, दुसऱ्या बाजूनं ही, मागे मी खुर्ची घेऊन. वळण आलं की खुर्ची टेकवायची, त्या बसायच्या, मग पुढे. तिसऱ्या मजल्यावर जास्त वेळ बसल्या. बहीणभाऊ पाणी आणायला वर गेले.
सासूबाई म्हणाल्या, "आता पुढे काय करणार, जावईबापू?"
तोंड उघडलं. काहीतरी तयार होतं, माझ्याकडे नेहमीच असतं. त्यांच्या छातीत शिट्टीसारखा आवाज येत होता. तो ऐकत उभा राहिलो.
पाणी आलं. त्या उठल्या. मी खुर्ची उचलली.