पूजेला न बसलेले हात

मल्लेश्वरम, बेंगळूर
९ मार्च १९९७

प्रिय वाणी,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतो आहे आणि दुकानाचं शटर रोज वेळेवर वर जातं आहे. बुधवारी औषधांच्या दुकानात सुधींद्रचा फोन आला. तुझा भाऊ फोनवर बोलतो की भाषण करतो ते मला अजून कळलेलं नाही, पण एवढं समजलं की रघुपतींच्या स्थळाला तू नाही म्हणालीस. कारण काय, तर अत्ते एकट्या पडतील आणि दुकान कोण बघणार. मी तिथल्या तिथे इतक्या मोठ्यानं ‘अगं बाई’ म्हटलं की औषधं घ्यायला आलेला माणूस मागे सरकला. माझं नाव पुढे करून तू नकार द्यावास याचा मला राग आला आहे. रागावूनच लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता तो कुठवर टिकेल ते सांगता येत नाही.

तू या घरात आलीस तेव्हा तुला मोटर म्हणजे मिक्सरच्या पोटात गुरगुरणारं काहीतरी, इतकंच माहीत होतं. मला कन्नडमधलं ‘अत्ते’ म्हणायला लागलीस, आणि सासूबाईपेक्षा मलाही ते बरं वाटलं. तुझ्या सासऱ्यांनी पुढच्या खोलीत जळक्या मोटरींत नवी तार भरायचं, वाइंडिंगचं दुकान काढलं तेव्हा आपले नातेवाईक नाकं मुरडत होते, की देशस्थाच्या घरात जळक्या वॉर्निशचा वास. ते गेल्यावर माझ्या वेणूनं दुकान चालवलं. तू मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे गुंफत उंबऱ्यात बसायचीस आणि तो कॉइलची टोकं दोऱ्यानं बांधताना चिडचिड करायचा. एक दिवस तू गजरा बाजूला ठेवलास, त्याच्या हातातलं ते स्टेटरचं लोखंडी कडं मांडीवर घेतलंस आणि टोकं बांधून दिलीस. ती बांधणी इतकी घट्ट आणि सारखी होती की वेणू ती मला दाखवायला स्वयंपाकघरात घेऊन आला. कणीक मळलेल्या हातांनी मी ती बघितली. मग हळूहळू खाचांत कागद घालणं, तार गुंडाळणं, जोड देणं, सगळं तुझ्याकडे आलं. वेणू लोकांना सांगायचा की दुकान माझं आहे, काम तिचं आहे, आणि हसायचा.

मग काविळीनं तो गेला. तेराव्याला आलेल्या बायकांपैकी एकीनं तुझ्या पायगुणाबद्दल काय म्हटलं ते तुलाही ऐकू गेलं होतं. तिला उत्तर मी दिलं, आणि ती बाई अजून आपल्याकडे येत नाही, हे एक बरं झालं.

त्या वर्षीची खंडेनवमी मी विसरूच शकत नाही. वेणू जाऊन वर्षही झालं नव्हतं. गल्लीत सगळीकडे आयुधपूजा, दारोदारी कोहळे फोडलेले, रिक्षांनासुद्धा झेंडूच्या माळा. आपण दोघी पांढऱ्या कपाळाच्या, म्हणून पूजेला दामोदरभावजी बनशंकरीहून आले होते. पक्कड, हातोडी, कात्री, तार गुंडाळायचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. भावजींनी बजावून सांगितलं की उद्या दसऱ्याची पूजा होईपर्यंत यातलं काही हलवायचं नाही. आणि तेवढ्यात पलीकडच्या क्रॉस रोडवरच्या प्रसूतिगृहातली आया धावत आली. जमिनीतल्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारी मोटर जळली होती. आत तीन बाळंतिणी, चौथी यायच्या बेतात, आणि नळाला थेंब नाही. आपण उसनी देतो ती मोटर आधीच एका हॉटेलात गेलेली. भावजी आयाला म्हणाले की आज कुणीच काम करणार नाही, उद्या बघू. ती बिचारी पदरानं तोंड पुसत परत निघाली होती.

तेव्हा तू कोपऱ्यातून उठलीस. म्हणालीस, “काका, आयुधं पूजेला बसलीत. माझे हात कुठं बसलेत?”

भावजी रागावून निघाले. मात्र मी केलेलं हरभऱ्याच्या डाळीचं गोड हयग्रीव दोन वाट्या खाऊनच गेले, हे मी आजही त्यांना ऐकवते. तू गल्लीच्या टोकाला बाशासाबांकडे गेलीस. त्यांचा धंदाही आपलाच, एका अर्थानं ते आपले प्रतिस्पर्धीच, पण त्यांची हत्यारं पूजेत नव्हती. त्यांनी काही न विचारता पक्कड, हातोडी आणि छिन्नी तुझ्या हातात दिली. परत आलीस आणि माझ्या जेवणाच्या पाटावर चार खिळे ठोकलेस! यंत्र पूजेत होतं, म्हणून त्या खिळ्यांभोवती हातानं तार गुंडाळायला लागलीस, वेढे तोंडानं मोजत. मध्येच मी काहीतरी विचारलं तर डोळे वटारलेस. सुनेनं सासूकडे डोळे वटारावेत आणि सासूला अभिमान वाटावा, असं दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असेल तर मला कळव. मग मी मुकाट्यानं कात्री आणली, माझी भाजीची, आणि खाचांत घालायचा कागद कापून देत बसले.

पण मला खरं कौतुक वाटतं ते त्याच्याही आधी जे केलंस त्याचं. ती मोटर आली तशी उघडली नाहीस. आधी दांडा हातानं फिरवून बघितलास. तो अडत होता. मग आयाला विचारलंस की गेले काही दिवस मोटर कशी ओरडत होती, पाणी कुठे झिरपत होतं का. झिरपत होतं. पाणी आत जाऊन बेअरिंग गंजलं होतं आणि मोटर बिचारी जोर लावून लावून जळली होती. दुसऱ्या कुणी नवी तार भरून पाठवली असती आणि महिन्याभरात ती पुन्हा जळून आली असती. तू बेअरिंग बदललंस, झिरप बंद केलीस, मग तार भरलीस. जळालेली मोटर बघून तिलाच नावं ठेवताना मी तुला कधी ऐकलं नाही. हिच्यावर काय ओढवलं, हे तू आधी शोधतेस. तेराव्याला ज्यांनी तुझा पायगुण काढला त्यांच्यापैकी कुणाला इतकी अक्कल असती तर काय हवं होतं. बल्ब लावून वॉर्निश वाळवलंस आणि दसऱ्याच्या सकाळी मोटर बसवून आलीस. हातात बाशासाबांची हत्यारं होती, धुऊनपुसून परत द्यायची म्हणून. त्या दिवशी मी तुझ्यासाठी पहिल्यांदा रडले. त्याआधी रडत होते ती वेणूसाठी.

त्यानंतर तर काय, लाँड्रीवाले, इडलीच्या हॉटेलांचे ग्राइंडरवाले, पिठाच्या गिरणीवाले, सगळे ‘वाइंडिंग अक्का आहेत का’ असं विचारत यायला लागले. मी म्हणते, आहेत, स्वल्प थांबा. सध्या म्हणते की हुबळीला भाचीच्या बारशाला गेल्या आहेत. तर ते म्हणतात, सरी, चालेल, मग अक्का येईपर्यंत थांबतो. काल एकाला जबरदस्तीनं बाशासाबांकडे धाडलं. बाशासाब सांगत होते की तो तिथंही तुझंच नाव घेत बसला होता. या दुकानाचं कौतुक ऐकून माझं पोट भरतं, खोटं कशाला सांगू.

आता माझ्या एकटेपणाबद्दल. मी एकटी पडेन, हे खरं आहे. पहिले काही महिने मी दोघींचा भात शिजवीन आणि तुझ्या नावानं ओरडीन. पण बाई एकटी पडते म्हणून काही मोडून पडत नाही. तुझ्याकडे बघूनच मी ते शिकले आहे. बाशासाबांशी माझं बोलणं झालं आहे. त्यांना जागा कमी पडते, ते पुढच्या खोलीत काम करतील आणि मी नेहमीच्या जागी बसून गिऱ्हाइकांशी वाद घालीन. तेव्हा तुझं ते कारण निकालात निघालं. राहिलं दुसरं, जे तू सुधींद्रलाही सांगितलं नाहीस. दिवाळीत हुबळीहून आलीस तेव्हा मी विचारलं होतं की रघुपतींचं घर कसं आहे. तू एवढंच म्हणालीस की स्वयंपाकघर मोठं आहे, आणि तारेचं रीळ उचलून कामाला लागलीस. पोरी, मी सासू आहे, आंधळी नाही. त्या घरात तुझ्या हातांना भांड्यांखेरीज काही मिळायचं नाही, ही तुझी भीती आहे. आणि ‘मला काम सोडायचं नाही म्हणून लग्न नको’ असं म्हणायला आपल्यात तोंड लागतं, म्हणून तू म्हातारीला पुढे केलंस. दुसरं लग्न करणाऱ्या बाईनं अटीही घालायच्या, असं कुणी म्हणेल याला तू घाबरलीस.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. गुरुवारी रघुपती इथे आले होते. तुला न कळवता हुबळीहून, टपाल खात्यात रजा टाकून. मला वाटलं, नकाराचा जाब विचारायला आले असतील, म्हणून मी पदर खोचूनच बसले. पण ते तुझ्या बाकाजवळ उभे राहिले आणि विचारलं की वाणी बसते ती जागा किती उंच आहे, उजेड डाव्या हाताला लागतो की उजव्या. दिवाळीत सुधींद्रच्या अंगणात ग्राइंडरची मोटर उघडून बसलेली असताना त्यांनी तुला बघितलं होतं. दुसऱ्याच दिवसापासून ते वीज मंडळात हेलपाटे घालत होते. लाइनमन हसले म्हणे, की टपाल कारकुनाच्या घरात कारखान्याच्या मोटरींना लागते ती थ्री फेजची लाइन कशाला. गेल्या महिन्यात त्यांच्या मागच्या खोलीत थ्री फेजचं मीटर बसलं. मी विचारलं की हे तिला सांगितलं का नाही. ते म्हणाले, “आमिष दाखवल्यासारखं झालं असतं, अम्मा.” तुझा नकार कळल्यावरही त्यांनी लाइन काढून टाकलेली नाही. मी तुला हे सांगणार नाही असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला आहे, आणि मी तो मोडते आहे. तुझं यंत्र मी पुसून गोणपाटात गुंडाळून ठेवलं आहे. तू इतक्यात गाडीत बसू नकोस. पत्र मिळालं की सुधींद्रला घेऊन त्यांच्या घरी जा, मागच्या खोलीत उभी राहा, तिथला दिवा लावून बघ, आणि मग काय ते तुझं तू ठरव.

तुझीच,
अत्ते