बाचा डफ आणि तुझा आवाज

तांडा, ता. मारेगाव
१२ मार्च २००८

ती. पुष्पाबाईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, राजकुमारचा नमस्कार. तू आणि दाजी कळंबला मजेत आहात असं धरून चालतो, कारण फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तर एवढं लिहायचा ताप वाचला असता. माझं अक्षर तुला माहीत आहे.

इकडे याडी-बा, सगळे बरे आहेत. याडीचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. बा बरा आहे. यंदाही कापसानं दगा दिला, त्यामुळे कितीतरी घरांनी लग्नं पुढं ढकलली आणि माझा डीजे अंगणात ताडपत्रीखाली झोपलाय. याडी म्हणते, "एवढाले डबे घेतले अन् कोंबड्यायले बसाले जागा केली." कोंबड्या खरंच बसतात.

रिकामपणी मी गाणी तयार करतो. तू हसशील, म्हणून नीट सांगतो. बाजारातलं गाणं जसंच्या तसं लावलं तर वरात नाचत नाही. सुरुवातीला नुसता ठेका जोडावा लागतो, म्हणजे आधीच्या गाण्यातून त्यात अलगद शिरता येतं. नाचायची जागा आली की ती लांबवायची आणि मधली रडारड कापून टाकायची. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर हे करताना लाइट गेली की केलेलं सगळं पाण्यात, आणि लाइट तर निम्मा दिवस नसतेच. तरी आजूबाजूचे डीजेवाले माझ्याकडूनच गाणी नेतात. एवढी फुशारकी मारू दे.

तर होळी पुढच्या आठवड्यात आली. पोरांना डीजे हवा, म्हाताऱ्यांना डफावर गायची लेंगी हवी. तांड्याच्या नायकानं निकाल दिला की डीजे लागेल, पण त्यावर आपल्याच तांड्याची लेंगी वाजेल. मग मी गुलाबसिंगकाकाची जुनी कॅसेट शोधून काढली. आठवते ना? एका होळीला त्यानं टेपरेकॉर्डर मधोमध ठेवला होता. त्यात तू गातेस, बायका मागून ओळ उचलतात आणि बा डफ वाजवतो. तुझा आवाज कानावर पडला आणि मी बराच वेळ काही कामच केलं नाही. मला तुझी फार आठवण येते, बाई.

गाणं कॉम्प्युटरवर घेतलं, तर डफाची थाप मशीनच्या ठेक्यावर बसेचना. जरा जुळलं की बा पुढं पळायचा. मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर कळलं. तू वरच्या ओळीला गेलीस की त्याचा हात पळतो, तू खाली आलीस की सावरतो. तो ठेका धरतच नव्हता, तुझ्या मागं चालला होता. शेवटी मी मशीनचाच ठेका कापून, ओढून त्याच्या हाताला जुळवला.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. मी ऐकत असताना बा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "तिचा आवाज काढून टाक. बाकी राहू दे."

मी काढला. तू आपल्या मनानं लग्न केल्यापासून घरात तुझं नाव घ्यायचं नाही, दाजींना तो "कळंबवाला" म्हणतो आणि डफ खुंटीवरून उतरलेला नाही, हे तुला ठाऊक आहे. त्याच्याशी वाद घालायची माझ्यात ताकद नव्हती. जिथं जिथं तू गातेस तेवढं कापलं, उरलेलं जोडलं आणि अंगणात डब्यांवर त्याला ऐकवलं. बायका नुसत्या टाळ्यांवर मधेच उचलायच्या आणि मधेच गप्प व्हायच्या. बा ऐकत राहिला.

"माहा डफ कुठी गेला?"

"बाईसंग गेला, बा. टेपरेकॉर्डर एकच होता. तिले कापलं का तुहा डफबी कापल्या जाते."

"थोडाकसा ठेवता नाही येत?"

"ठेवाचं तं दोघायले ठेवा लागते."

तो बाजेवर बसला. मला वाटलं, आता उठून वायर उपटतो. म्हणाला, "पयलं होतं तसं लाव."

लावलं. डोळे मिटून ऐकलं त्यानं. तुझी वरची ओळ आली तशी त्याची बोटं बाजेच्या पाटीवर वाजायला लागली. "हे पोरगी इथी दमच नाही घेत," म्हणाला. "माहा हात भरून येत होता." आणि बाई, तो रडला. याडी चुलीपासून ओरडली, "चार वर्सं मले तिचं नाव घेऊ नाही देल्लं, अन् आता कोंबड्यायच्या डब्यापुढं बसून रडून राह्यला." पण तीही रडतच होती.

आज सकाळी त्यानं डफ उतरवला. धूळ पुसली, चुलीवर शेकला, थाप मारून पाहिली. मग मला हुकूम सोडला की वरच्या ओळीपर्यंतच डीजे वाजव, तिथून पुढं मी वाजवतो. म्हणून सोबतच्या सीडीत गाणं तिथंच थांबतं. बिघडलंय असं समजू नकोस.

मी त्याला विचारलं, पुढची ओळ कोण गाणार? तू कोणाच्या मागं जाणार? हे पत्र लिहायला बसलो तेव्हा मागे घुटमळला आणि म्हणाला, "जवायाले इचार, डीजेचा आवाज सोसते का."

"कळंबवाला" नाही, "जवाई" म्हणाला, बाई. दाजींना विचार आणि दोघंही या.

तुझा राजकुमार,
याडी,
आणि "माहं नाव लिहू नको" म्हणाला, तो बा