भाऊजींच्या चाकाला जागा

३ नोव्हें.
सुरेशभाऊजी ठाण्याहून आले. कायमचे, म्हणाले. गोडाऊनमध्ये गुडघ्यावर रॅक पडला, तेव्हापासून धड चालता येत नाही. कामही सुटलं. सोबत काळी, जाडजूड पेटीसारखी वस्तू. मला वाटलं, स्पीकर. अंगणात ठेवली, बटण दाबलं, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर पाय ठेवून उभे राहिले आणि निघाले की! हँडल नाही, सीट नाही. विजेवर चालणारं एकच चाक. पुढे झुकलं की पळतं, मागे रेललं की थांबतं. कोंबड्या छपरावर.
सासूबाई बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "बाकीची चाकं कधी येनार?"

६ नोव्हें.
मेडिकलवाल्याने भाऊजींना काम दिलं. म्हाताऱ्या माणसांची औषधं घरपोच. कालपर्यंत भिंत धरून चालणारा माणूस आज अख्ख्या मोखाड्याच्या पुढे. जेवताना शीळ घालत होते. कितीतरी वर्षांनी ऐकली.
यांना मात्र पटत नाही. स्वतः जव्हार–मोखाडा जीप चालवतात ना. "रोडवर दिसू नको. वळणावर माझ्याच बोनेटखाली येशील."
भाऊजी म्हणाले, बरं दादा, फुटपाथवरून जातो.

८ नोव्हें.
बाजाराचा दिवस. फुटपाथवर सासूबाई, पुढ्यात कंद आणि वालाच्या शेंगा. भाऊजी आले, आईला बघून मागे रेलले, पण चाक शेंगांवरून घसरलं. भाऊजी एकीकडे, चाक एकटंच चपलांच्या दुकानात. सासूबाईंनी कंद फेकून मारला. नेम अजून शाबूत आहे.
"पोऱ्या, तुला वाढवला तो माझ्या शेंगा तुडवाया?"
सगळा बाजार हसला. भाऊजीही. घरी आल्यावर सासूबाईंनीच त्यांच्या गुडघ्याला तेल चोळलं. चोळताना शिव्या चालूच.

११ नोव्हें.
व्हायचं तेच झालं. भोये गुरुजींनी रस्ता समितीत तक्रार केली. रिटायर्ड, काठी टेकत रोज फिरायला निघतात. समितीत मीही आहे. एक बाईमाणूस हवं होतं आणि माझं शिवणाचं दुकान त्याच रस्त्यावर, म्हणून.
गुरुजी : "फुटपाथ चालणाऱ्यांचा. हे वाहन आहे."
भाऊजी : "मी बसतो कुठं गुरुजी? उभाच असतो. उभा माणूस वाहनात कसा?"
"एसटीत कसा असतो?"
मग अध्यक्ष, म्हणजे किराणावाले शेठ, म्हणाले, पण आपल्या फुटपाथवरून चालतं कोण? गुरुजी स्वतः रोडच्या कडेने जातात.
परवानगी द्यायची तर फुटपाथ मोकळा हवा, म्हणजे सासूबाई उठणार. नाही दिली तर भाऊजी घरी बसणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ब्लाउज द्यायचाय सांगून सटकले.

१४ नोव्हें.
गुरुजींच्या घरी काकूंना दम लागला. दम्याचा पंप संपलेला. रोडवर जीपा अडकलेल्या, यांचीही त्यातच. भाऊजी फुटपाथवरून नवा पंप घेऊन पोचले. काकू आता बऱ्या आहेत.
गुरुजींनी भाऊजींना चहा पाजला, डोळे पुसले, म्हणाले, "सुरेश, उपकार विसरणार नाही. पण फुटपाथवर माझा विरोधच. उद्या मी काठी टेकत येतोय आणि तू आलास तर?"
भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, बरोबर बोलतो तो माणूस. नीट रागही येत नाही."

१६ नोव्हें.
साडी खोचली आणि भाऊजींचे हात धरून चाकावर उभी राहिले. काय सांगू! पायाखालची जमीनच निघून गेल्यासारखं. त्यांनी हात सोडले, जराशी गेले, मग थेट सासूबाईंच्या अंगावर. दोघी अंगणात आडव्या, हसणं थांबेना.
नंतर मात्र विचार आला, गुरुजी असते समोर तर थांबता आलं असतं का? छे.

१८ नोव्हें.
मतदान. हात वर केले तर दोन्हीकडे सारखे. माझा खाली. शेठ म्हणाले, "ताई, बोला."
मी म्हटलं, आधी त्या फुटपाथवरून चालून बघू.
निघालो सगळे. गुरुजी पुढे, भाऊजी चाक हातात घेऊन लंगडत मागे. मोटारसायकली. शेळी. सासूबाई, बाजार नसतानाही शेंगा मांडून, त्या हलल्या नाहीत, आम्हीच वळसा घेतला. पुढे कांद्याच्या गोण्यांची भिंत. शेठच्याच.
"ते तात्पुरतं आहे," शेठ म्हणाले.
गुरुजी म्हणाले, "माझ्या रिटायरमेंटच्या आधीपासून."
सगळी समिती रोडवर उतरली. तेवढ्यात हॉर्न. ह्यांची जीप! गुरुजी, शेठ, भाऊजी एकमेकांना धरून पुन्हा गोण्यांवर. यांनी खिडकीतून विचारलं, "मीटिंग हितं आहे का?"
शेठ धापा टाकत म्हणाले, पुढच्या बाजारानंतर बसू. तोवर भाऊजींनी बाजाराच्या दिवशी चाक काढायचं नाही, एरवी बघून चालवावं. गुरुजी म्हणाले, हे मला मान्य नाही, लिहून घ्या. लिहायला कोणाकडे पेन नव्हतं.
संध्याकाळी जेवायला चौघं. भाऊजी भाकरीचे तुकडे करत बसलेले. शेवटी सासूबाईंनीच मला विचारलं, "कोनाकडं केलास हात?"
"अजून खालीच आहे, आई."
त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली. भाऊजींच्याही. "मंग जेव त्या हातानं."