बर्फासमोरचा माझा फोटो

बाबा, तुम्ही शिकवलेल्या गोष्टींपैकी एकच आयुष्यभर माझ्या कामी आली, आणि नेमकी तीच मी तुम्हाला अजून माफ केलेली नाही. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली. मी इथे मिल्टन कीन्समध्ये असते, आठवडाभर एका कंपनीची सॉफ्टवेअर्स तपासते, आणि फेब्रुवारीत सुट्टी मिळाली की गाडी काढून स्कॉटलंडला जाते, बर्फातल्या डोंगरांचे फोटो काढायला. इथल्या मैत्रिणी म्हणतात, अगं, विंटरमध्ये लोक ऊन शोधत स्पेनला जातात आणि तू कुठे मरायला जातेस! जाते. माणसांचे फोटो मी काढत नाही. डोंगराला पसंत-नापसंत करायला कोणी येत नाही, एवढं मला पुरतं.

बर्फापुढे सगळ्यांचे कॅमेरे गडबडतात. एवढा पांढरा उजेड बघून कॅमेऱ्याला वाटतं, फारच लख्ख आहे, आणि तो आपणहून सगळं अंधारं करून टाकतो. फोटोत बर्फ येतो तो धुणं पिळल्यावर उरलेल्या पाण्यासारखा. आमच्या फोटो क्लबातले लोक विचारतात, तुझा बर्फ एवढा शुभ्र कसा येतो? मी हसते. त्यांना काय सांगू, की हे मी नागपूरच्या उकाड्यात, पंखा बंद ठेवलेल्या स्टुडिओत शिकले? आपल्याकडची लग्नं म्हणजे नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, मागे विहाराची चुना लावलेली भिंत, आणि मधोमध आपले चेहरे, उन्हात राबलेल्यांचे. तुम्ही मला जवळ उभं करून दाखवता आहात, "पोरी, उजेड मोजणारं मीटर पांढऱ्याला घाबरतं. त्याचं ऐकलंस तर साडी मळकी आणि चेहरा कोळसा. आपण दोन स्टॉप उघडायचे." एक स्टॉप उघडला की आत येणारा उजेड दुप्पट, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. तुम्ही काढलेल्या फोटोंत आपली माणसं माणसांसारखी दिसायची. दुसऱ्या स्टुडिओवाल्यांना ते कधी जमलं नाही, आणि मला तुमचा इतका अभिमान होता की शाळेत सांगत सुटायचे.

मग माझा फोटो काढायची वेळ आली, स्थळांना पाठवायचा. मी पांढरी साडी नेसून त्याच स्टुलावर बसले. तुम्ही दोन स्टॉप उघडलेत. माझ्याकडे बघितलंत. आणि तिसरा उघडलात. मला वाटलं, चुकून झालं असेल. पण नंतर तुम्ही दिव्याखाली निगेटिव्ह धरून, पेन्सिलीला टोक काढून बसलात आणि माझ्या कपाळावर, गालांवर, नाकावर बारीक बारीक घासत राहिलात; निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते, तिथे प्रिंट उजळ येते. प्रिंट आली तेव्हा आई म्हणाली, "अगंबाई, ही कोण?" तुम्ही खूश झालात. आणि हे सगळं कोण करतंय? जे गृहस्थ दर रविवारी विहारात उभे राहून सांगायचे, की आपण कोणापुढे मान खाली घालायची नाही, जे आहोत ते आहोत! दिव्याखाली अंधार म्हणतात ना बाबा, तो मी घरातच पाहिला.

तो फोटो बघून एक स्थळ आलं, मुलगा लंडनला होता. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईने पर्समधून फोटो काढला, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं. "फोटो कधीचा आहे?" तेव्हा तुम्हाला बोलता आलं असतं. भर सभेत बोलणारी तुमची जीभ! तुम्ही म्हणालात, "लाइटचा फरक पडतो, ताई." बस. पोहे खाऊन, चांगले झालेत असं म्हणून, माणसं गेली. नकार आला तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईला म्हणालात, "माझ्याकडून जरा जास्तच झालं." मी तिथेच, दोन हातांवर ओट्याशी उभी होते, तुमची मुलगी. तुम्हाला वाईट वाटलं ते फोटोचं! पेन्सिलीचं टचिंग थोडं कमी केलं असतं तर खपून गेली असती, हा तुमचा हिशेब. पुढे लग्न मी माझं जमवलं, ऑफिसातल्याच मुलाशी, एकही फोटो न दाखवता, आणि तुम्ही त्या लग्नाचेही फोटो स्वतःच काढलेत. कसे काढलेत ते सांगायला नको.

लेक आता कॉलेजात आहे. रंग माझ्यावर गेलाय, पूर्ण. मागे एकदा अल्बम चाळता चाळता म्हणाली, "आई, तुझा एक पण फोटो तुझ्यासारखी नाहीये." व्याकरण तिचं कच्चं आहे, डोळे नाहीत. खरंच नाही हो. लहानपणापासून माझे सगळे फोटो तुम्हीच काढलेत. वीस वर्षांची मी कशी दिसायचे ते जगात कुणालाच दाखवता येणार नाही. आरसे काही जपून ठेवत नाहीत.

ह्या वेळी ती माझ्याबरोबर स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोला आली. रात्रभर बर्फ पडून सकाळी थांबला होता, समोरचा डोंगर धुवून ठेवल्यासारखा. मी कॅमेरा स्टँडवर लावत होते तर ती म्हणाली, "तू कधीच फोटोत नसते. जा, उभी राहा." राहिले. तिने काढला, बघितला, म्हणाली, "अरे, तुझी चेहरा दिसतच नाही. फक्त जॅकेट दिसतो. थांब, ब्राइट करते."

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की वाटेवरून जाणारं एक म्हातारं जोडपं वळून बघायला लागलं.

"आई, चिल! तुझे डोळे पण नाहीत ह्याच्यात. बघ तरी."

बघितलं. मळका बर्फ, आणि त्याच्यापुढे एक काळा ठिपका. तीही मी नव्हतेच. मग काय करणार, मीच सांगितलं तिला, दोन स्टॉप उघड. तुमचेच शब्द माझ्या तोंडून आले, आणि मी बर्फात उभी राहून चरफडले. दुसरा फोटो आला. बर्फ पांढरा, डोंगराची एकेक घळ दिसतेय, आणि मी. सावळी, नाक गारठलेलं, कपाळावर आठ्या. पन्नाशीची एक बाई. पहिल्यांदा बघितली मी तिला. दोनपर्यंत तुम्ही खरं बोलत होतात, बाबा. चेहरा दिसावा म्हणून एवढं करावंच लागतं, ते मला कळलं. तिसरा का उघडलात? इतकी वाईट दिसत होते का हो मी तुम्हाला?

हे विचारायला मी हातमोजा काढला आणि कॅमेऱ्यावरची चकती स्वतःच तीनवर नेली. "अजून एक काढ," म्हटलं तिला. तिसऱ्या फोटोत मागचा डोंगर पार पुसला गेला होता. ज्याच्यासाठी अख्खा दिवस गाडी चालवत आले, तो नावालासुद्धा नव्हता. गाल मात्र कसे गुळगुळीत आले होते. लेक म्हणाली, "हा डिलीट करू? ह्यात तू दुसरी कोणीतरी आहे."

"राहू दे," मी म्हटलं.

दुसरा तिने तिच्या फोनवर ठेवलाय, म्हणते, हा माझा. हे सगळं तुम्हाला कळवायची सोय नाही, आणि असती तरी मी कळवलं नसतं. कारण मग हेही सांगावं लागलं असतं, की घरच्या ग्रुपवर मी टाकला तो तिसरा.