शंभराचा गठ्ठा सोडायचा नसतो

४ ऑगस्ट
डायरी लिहायचं ठरवून दोन महिने झाले. आधी वही नव्हती. वही आली तर पेन आवडेना. मग दोन दिवस गिटार शिकलो. असो. आज लिहायलाच हवं. भाचीला भागाकारात दहापैकी तीन. ताई म्हणाली, दोन महिने आयतं गिळतोयस, तिला शिकव. सोमवारी चाचणी आहे. पास झाली तर खोली तुझी, नाहीतर गाशा गुंडाळ आणि बाबांच्या दुकानात बस. भावजी म्हणाले, म्हणजे दुकानच. मी आणखी एक पोळी वाढून घेतली. पातळी सांभाळावी माणसानं.

५ ऑगस्ट
शाळेतल्या बाईंची वहीत सूचना: काड्यांचे दहाचे, शंभराचे गठ्ठे रबरानं बांधा आणि मुलांना वाटायला लावा. रबर! पोरं रबर उडवत बसतात, एवढंही कळत नाही. मी डिंक आणला. आणि पाचशे टूथपिक.

६ ऑगस्ट
चिकटवायचं राहिलं. खाली एकाची मोटरसायकल सुरू होत नव्हती. दुपारभर सल्ला दिला. मालकच अडाणी.

७ ऑगस्ट
चिकटवले. हातोड्यानंसुद्धा तुटायचे नाहीत.

८ ऑगस्ट
४३२ भागिले ३. तीन वाट्या मांडल्या. शंभराचा एकेक गठ्ठा प्रत्येकीत, एक उरला. भाची म्हणाली, मामा, हा सोड ना, दहाचे होतील, मग वाटू. म्हटलं, बावळट, सोडला तर शंभर राहील का? म्हणाली, बाई सोडतात. म्हटलं, बाई काहीही करतील. पुढे दहाचा एकेक, दोन काड्या उरल्या. उत्तर ११०, बाकी १०२. कॅल्क्युलेटरवर ताळा केला. बरोब्बर ४३२! इतकं सोपं असतं हे मला शाळेत कोणी सांगितलंच नाही.

९ ऑगस्ट
भाची हेअरपिननं गठ्ठा उकलताना सापडली. पिन जप्त. शिस्त लागते.

११ ऑगस्ट
चाचणी झाली. भाची म्हणाली, सगळी तुझ्यासारखीच सोडवली. खोलीला कुठला रंग द्यावा?

१३ ऑगस्ट, दुपार
दहापैकी शून्य. लाल शाईत बाईंचा शेरा: बाकी भाजकापेक्षा मोठी कशी? कोणी शिकवलं? खाली भाचीच्या अक्षरात: मामानं. लाल पेन हातात आलं की माणसाची अक्कल जाते. ताळा तरी करायचा!
भावजी जेवताना नुसते हसत होते. भाची कानात म्हणाली, मामा, तू जाऊ नको, मी आईला सांगते मीच विसरले म्हणून. म्हटलं, वेडी का खुळी, कोण जातंय? ताईकडे आणखी एक आठवडा मागतो. ती नाही म्हणायची नाही.

संध्याकाळ, ६.१०
बेल वाजली. बाबा! दुकान बंद ठेवून! आजवर ताईच्या लग्नाशिवाय ठेवलं नव्हतं. नातीची आठवण आली असेल. बॅगा दोन. जड असेल म्हणून मोठी मीच धावत जाऊन उचलली.
रिकामी आहे.