आठ मिनिटं दहा सेकंद

८ मार्च, रविवार
एक तास, एकतीस मिनिटं, दहा सेकंद. फायनलसाठी दीड तासाच्या आत हवं होतं. बायको सत्तर सेकंदांनी हुकली.

घरी आल्यावर सासूबाईंना शर्यत पुन्हा समजावून सांगितली. एक किलोमीटर पळायचं, हॉलमध्ये येऊन एक कसरत करायची, परत पळायचं. असं आठ वेळा. वजनाची गाडी ढकलणं, वल्हवायचं मशीन, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन चालणं, असलं सगळं. शेवटी जड चेंडू घेऊन पूर्ण खाली बसायचं आणि उठत तो भिंतीवर फेकायचा, शंभर वेळा. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे हमालीच की, फक्त मध्येमध्ये पळायचं. त्यांना खेळातलं कळत नाही.

पुढची शर्यत २६ एप्रिलला. तीच शेवटची. गुडघ्याच्या डॉक्टरांनी हा एकच सीझन दिलाय.  बायको बूट न काढता अर्धा तास बाथरूममधल्या स्टुलावर बसून होती.

संकल्प: या वेळी काहीही नशिबावर सोडायचं नाही. परफॉर्मन्स अॅनालिसिस मी करणार. अठरा वर्षं कारखान्यात दुसरं काय करतोय? एक खोका भरायला किती सेकंद, टेप मारायला किती. माझ्या स्टॉपवॉचला पॅकिंग लाइनवरची माणसं घाबरतात.

९ मार्च
शीट तयार. पळणं ४६ मिनिटं ४०. कसरती ३६.२०. बेरीज ८३. मग उरलेली आठ मिनिटं दहा सेकंद?

सापडली. ट्रॅकवरून कसरतीपर्यंत आणि कसरतीवरून परत ट्रॅकवर. मधली जागा. तिथे मोजण्यासारखं काही घडत नाही, पण घड्याळ चालू असतं. तिच्या वयोगटातल्या चांगल्या बायका सहा मिनिटांत उरकतात. ही दोन मिनिटं दहा सेकंद सांडते. कुठे सांडते ते शोधायचं.

जेवताना तिला सांगितलं. मीठ दे म्हणाली.

१२ मार्च
संभाव्य कारणं: लेस, पाणी, घाबरटपणा. तिसरं तिला सांगितलं नाही.

घरातच मधली जागा आखली. स्वयंपाकघर म्हणजे ट्रॅक, गॅलरी म्हणजे हॉल. चौदा फेऱ्या झाल्यावर खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. त्यांना शीट दाखवलं. हे कधीपर्यंत चालणार, एवढंच त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही ते घड्याळ हातात धरलंत की मला गॅसवर दूध ठेवल्यासारखं होतं.

१६ मार्च
जिममध्ये कोचला भेटलो. पंचविशीची मुलगी. बायकोला ताई म्हणते आणि मला काका. दुर्लक्ष केलं.

मधल्या जागेबद्दल विचारलं. म्हणाली, काका, ताईंना मध्ये कोणी अडवलं नाही तर ती जागा आपोआप सुटेल. मुद्दा बरोबर आहे. पंच आणि फोटोवाले फार मध्येमध्ये करतात. आयोजकांना मेल लिहायला घेतलाय.

२१ मार्च, दुपारी ३
८ मार्चच्या शर्यतीचा व्हिडिओ आला. कोचने बायकोला पाठवला, बायकोने मला. सोबत काही लिहिलं नव्हतं.

स्टॉपवॉच लावून तीनदा पाहिला. कसरत संपते, बायको निघते. व्यवस्थित निघते. मग कठड्यापाशी थांबते. मान हलवते. पुन्हा निघते. असं सात वेळा. एकूण शहाण्णव सेकंद.

कठड्याच्या अलीकडे मी आहे. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हाताने समजावतोय. चौथ्या वेळी तिने ट्रॅककडे बोट दाखवलंय. मी थांब म्हणतोय. श्वासाचा मुद्दा राहिला होता.

३.४०
निष्कर्ष: माझ्या सूचना लांबल्या. शहाण्णव भागिले सात, सरासरी पावणेचौदा सेकंद. चारवर आणता येतील.

शहाण्णवातून सत्तर वजा करण्याचा मोह झाला. वजाबाकी केली नाही. एका शर्यतीचा डेटा पुरेसा नसतो.

२२ मार्च
सूचनांना नंबर दिले. दोन म्हणजे पाणी नको. पाच म्हणजे आखूड पावलं. सात म्हणजे खांदे सैल. नऊ म्हणजे उजवा गुडघा सांभाळ. एकूण अकरा. यादी फ्रिजवर लावली.

सासूबाई जाता-येता सात, सात म्हणून ओरडतात. बायको हसली. बऱ्याच दिवसांनी.

२९ मार्च
जिममध्ये चाचणी. मी पाच म्हटलं. ती थांबली, पाच म्हणजे काय ते आठवत राहिली. सतरा सेकंद. पावणेचौदाचे सतरा झाले, पण सुरुवातीला असं होतंच. पद्धत अंगवळणी पडावी लागते.

आयोजकांचं उत्तर आलं. मेलबद्दल आभार मानलेत.

५ एप्रिल
भिंतीवरच्या चेंडूंचा सराव. साठाच्या पुढे ती आकडा विसरते. दमल्यावर डोकं चालत नाही म्हणाली. म्हटलं, मोजायचं माझ्यावर सोड, तू फक्त फेक. लगेच मान्य केलं. तेवढं एक तुला जमतं, म्हणाली.

नोंद: माझ्यावरचा विश्वास वाढतोय. मी शंभर म्हटलं की चेंडू हातातून सुटतो, इतकं जमलंय.

१८ एप्रिल
सिंकपाशी उभी होती. वळली नाही. साहेब, म्हणाली. साहेब म्हणते तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणाली, शर्यतीला यायचं तर ये. पण तोंड उघडायचं नाही. नंबर नाही, खूण नाही, खोकायचंसुद्धा नाही. म्हटलं, मग मी तिथे करायचं काय? म्हणाली, नवऱ्यासारखा उभा राहा.

याची नीट व्याख्या मिळाली नाही. शब्द दिला. फ्रिजवरची यादी तिने कधीच काढून टाकली होती, ते आज लक्षात आलं.

२५ एप्रिल
संध्याकाळी ती टेबलाशी बसून गुडघ्याला पट्टी लावून बघत होती.  मला म्हणाली, पहिली येणार नाही, ते मला कळतं रे. पण एकदा त्या फायनलच्या यादीत माझं नाव बघायचंय. मग हा गुडघा जिने चढायला ठेवू.

म्हटलं, शक्यता एकाहत्तर टक्के आहे. सासूबाई म्हणाल्या, उरलेले एकोणतीस तुमचे का? 

२६ एप्रिल, रविवार. सकाळी ९.४०
सुटली. ११.१० च्या आत रेषा ओलांडायची. मी कठड्यापासून दोन पावलं मागे उभा आहे. वही जवळ असली की तोंड बंद राहतं.

१०.०२
गाडी ढकलून झाली. न थांबता निघाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिस्त उत्तम.

१०.२५
अर्धी शर्यत झाली. मागच्यापेक्षा चाळीस सेकंद पुढे. कोचने पाण्याची बाटली दिली. प्या काका, म्हणजे गप्प राहाल, म्हणाली.

१०.४८
लंगडतेय. थोडीशीच, पण मला दिसतं. नऊ नंबर. बोललो नाही. बाटली दाबून दाबून चेपली.

११.०१
मधल्या जागेत तिने सगळा वेळ कमावला. गुडघ्याने पळण्यात त्यातला बराच खाल्ला. आता शेवटचं पळणं संपत आलंय, मग चेंडू.

११.०४
चेंडू उचलला. सहा मिनिटं, शंभर फेकी. होतील. मी मनातल्या मनात मोजतोय. मनात मोजायला बंदी नाही.

११.०७
पन्नास. डोळे मिटून फेकतेय. काठावर आहे. कोच काही तरी म्हणतेय. आकडा चुकेल म्हणून ऐकत…

संध्याकाळी ६.३०
शंभर झाले. मी शंभर म्हणालो. मोठ्याने. ठरवलं नव्हतं.

तिने त्याच क्षणी चेंडू सोडला आणि रेषेकडे पळाली. आठ पावलं गेली. पंचाने परत बोलावलं. त्याच्या हिशेबाने सत्त्याण्णव झाले होते. तीन वेळा ती पुरती खाली बसली नव्हती, ते त्याने बाद धरले. मी ते धरले होते. आठ पावलं परत. चेंडू घरंगळून शेजारच्या बाईच्या पायाशी गेला होता. तो आणला. तीन फेकी.

एक तास, तीस मिनिटं, सहा सेकंद.

मधली जागा पाच मिनिटं पन्नास. आजवरची सर्वांत चांगली.

कोच काका म्हणाली नाही.  घरी सासूबाईंनी दार उघडलं, झालं का गं म्हणाल्या. बायको म्हणाली, थोडक्यात राहिलं. माझं नाव घेतलं नाही. त्यांनी तिच्या खांद्यावरची बॅग घेतली, आणि माझ्याकडे बघून माझ्याही खांद्यावरची.

नंतर खोलीत तिला विचारलं, पंच समोर उभा असताना तू माझं कशाला ऐकलंस? बोलू नकोस असं तूच सांगितलं होतंस ना?

गुडघ्यावर बर्फ धरून ती पडली होती. म्हणाली, तुझा आवाज होता.

२७ एप्रिल
रजा टाकली. शीट भरलं. पळणं, कसरती, मधली जागा. चेंडू सोडून परत येईपर्यंतचे सोळा सेकंद कुठे टाकायचे ते ठरेना. 'पंच कडक' असं लिहिलं. खोडलं. 'संवादातील त्रुटी' लिहिलं. तेही खोडलं.

शेवटी नवा रकाना घेतला. नाव दिलं 'इतर'. सोळा तिथे टाकले.

बेरीज जुळली.